केमोला दाद न देणाऱ्या पेशींना वठणीवर आणायचं तर: ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरचा प्रयोग पहिल्यापासून शेवटपर्यंत

एमएस्सीचं डिझर्टेशन असो नाहीतर पीएचडीचं पहिलं ऑब्जेक्टिव्ह, मुंबईतल्या कॅन्सर बायोलॉजीच्या लॅबमध्ये हा विषय कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला येतोच. अमुक ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, म्हणजे जीन्स चालू-बंद करणारं प्रोटीन (पुढे नुसतं टीएफ म्हणतो), दाबा आणि पेशी केमोला जास्त सेन्सिटिव्ह होतात का बघा. ऐकायला एकदम सरळ वाटतं, एसआय-आरएनए (ठरावीक प्रोटीन बनणं बंद पाडणारा छोटा आरएनए) टाकला, सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध टाकलं, एमटीटी (रंगावरून जिवंत पेशींचा अंदाज देणारी चाचणी) केली, ग्राफचा बार खाली गेला, वर तीन स्टार लावले, झालं. मग व्हायवाला एक्स्टर्नल शांतपणे विचारतात, "नुसता टीएफ पाडल्यावर किती पेशी मेल्या?" आणि सगळा डोलारा तिथेच बसतो. कारण दोन गोष्टी आपापल्या परीने पेशी मारतायत आणि आपल्याला त्यांची बेरीज दिसतेय, की पहिलीमुळे दुसरीचा मार खरंच वाढलाय, ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सेन्सिटाइज हा शब्द फक्त दुसऱ्या केसमध्ये लिहायचा. खाली जे काही सांगतोय ते सगळं हा फरक दाखवता यावा म्हणून आहे.

लेख लॅबमध्ये हाताने काम करणाऱ्यांसाठी आहे. घरात कोणाची ट्रीटमेंट चालू असेल आणि शोधत शोधत इथे आला असाल तर खाली हळदीचा एक परिच्छेद आहे तेवढा वाचा, बाकी काही घरी करून बघण्यासारखं नाही.

टीएफच का धरायचा

केमोचं औषध पेशीचं नुकसान करतं. त्यानंतर मरायचं की सावरायचं हे मात्र बरंचसं पेशीच ठरवते. सिस्प्लॅटिन डीएनएमधल्या ग्वानिनला चिकटून क्रॉसलिंक करतं, डॉक्सोरुबिसिन टोपोआयसोमरेज-२ ला डीएनएवर अडकवून ठेवतं, पॅक्लिटॅक्सेल मायक्रोट्युब्यूल सुटूच देत नाही. सावरणारी पेशी मग औषध बाहेर फेकणारे पंप वाढवते, औषध निकामी करणारं ग्लुटाथायोन वाढवते, डीएनए रिपेअर कामाला लावते, बीसीएल-एक्सएलसारखी मरण टाळणारी प्रोटीन्स बनवते. एकेका पंपाच्या मागे लागण्यापेक्षा ही सगळी जीन्स एकदम चालू करणाऱ्यालाच धरू, असा विचार आहे. म्हणजे बिल्डिंगमधल्या घराघरात जाऊन नळ बंद करण्यापेक्षा गच्चीवरच्या टाकीचा मेन वॉल्व फिरवायचा.

माणसाच्या जिनोममध्ये असे टीएफ सुमारे १,६०० आहेत आणि बहुतेकांना औषधाने पकडणं अवघड जातं, कारण एन्झाइमला असते तशी छान खोबण त्यांच्यात नसते. डीएनएला चिकटणारा भाग सपाट, पुष्कळदा बाकीचं प्रोटीन लोंबकळणारं, घडी नसलेलं. तरी "टीएफ ड्रगेबल नाहीत" हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये सरसकट ठोकून देऊ नका. टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेन रिसेप्टरवर काम करतं, एन्झाल्युटामाइड अँड्रोजेन रिसेप्टरवर, आणि हे दोन्ही टीएफच आहेत. एपीएल नावाच्या ब्लड कॅन्सरमधलं पीएमएल-आरएआर-अल्फा हे बिघडलेलं फ्युजन प्रोटीन अट्रा आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड ह्या औषधांनी मोडून काढतात. मायलोमा ह्या दुसऱ्या ब्लड कॅन्सरमध्ये सर्रास दिलं जाणारं लेनालिडोमाइड सेरेब्लॉन नावाच्या प्रोटीनला हाताशी धरून इकारोस आणि आयोलोस ह्या दोन टीएफना प्रोटिएझोमकडे, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन तोडणाऱ्या यंत्राकडे, पाठवतं. एचआयएफ-२अल्फा ह्या टीएफच्या खोबणीत बसणारं बेल्झुटिफान २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. यादी छोटी आहे पण आहे.

पायरी १: टीएफ, औषध आणि पेशी ह्यांचं त्रिकूट जमवणं

इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा. लोक टीएफ आधी ठरवतात (गाईडच्या आवडीचा असतो) आणि मग फ्रीझरमध्ये जी सेल लाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या एकाच मूळच्या पेशी) असेल ती घेतात. उलट करा. औषध आधी धरा, त्या औषधाला दाद न देण्याचं कारण काय असू शकतं ते लिहा, त्या कारणामागे कोणता टीएफ आहे ते शोधा आणि तो टीएफ ज्या पेशींमध्ये खरंच चालू आहे त्या घ्या.

उदाहरण घेऊ. ए५४९ ही फुप्फुसाच्या कॅन्सरची लाइन आहे आणि तिच्यात कीप१ हे जीन म्युटेटेड आहे. एरवी कीप१ एनआरएफ२ ह्या टीएफला पकडून त्याची विल्हेवाट लावत असतं, ते बिघडलं की एनआरएफ२ कायम न्यूक्लियसमध्ये बसून ग्लुटाथायोनची आणि एनक्यूओ१ ह्या बचाव करणाऱ्या एन्झाइमची जीन्स चालू ठेवतो. म्हणून एनआरएफ२, सिस्प्लॅटिन आणि ए५४९ हे त्रिकूट तर्काला धरून आहे. तोच एनआरएफ२ ज्या लाइनमध्ये शांत आहे तिथे त्याला पाडून काही होणार नाही, आणि खरं म्हणजे तशी एक लाइन मुद्दाम घ्या, ती तुमची निगेटिव्ह कंट्रोल होईल.

एनएफ-कॅपाबी ह्या टीएफची गोष्ट जरा वेगळी. तो बऱ्याच पेशींमध्ये आधी गप्प असतो आणि केमो दिल्यावर जागा होतो, डॉक्सोरुबिसिनने डीएनए तुटला की त्याचा पी६५ हा भाग न्यूक्लियसमध्ये जातो आणि जगवणारी जीन्स चालू करतो. तेव्हा त्याला औषध द्यायच्या आधीच दाबलेलं असायला हवं. स्टॅट३ हा टीएफ पुष्कळ ट्युमरमध्ये टायरोसिन ७०५ ह्या जागी फॉस्फेट चिकटून कायम चालू असतो. फॉक्सएम१ पेशी-विभाजनाशी इतका बांधलेला आहे की तो पाडला की वाढच मंदावते, आणि ती एक वेगळीच डोकेदुखी आहे, पुढे येईलच.

पी५३ चं (नुकसान झालेल्या पेशीला थांबवणाऱ्या किंवा मारणाऱ्या प्रोटीनचं) स्टेटस पहिल्याच दिवशी वहीत लिहा. ए५४९ आणि एमसीएफ-७ मध्ये पी५३ धडधाकट आहे, एमडीए-एमबी-२३१ मध्ये म्युटंट, हेला मध्ये जीन ठीक आहे पण एचपीव्ही व्हायरसचं ई६ प्रोटीन त्याला टिकूच देत नाही. केमोनंतर पेशी कशी मरते ते बरंचसं ह्यावर ठरतं, त्यामुळे दोन लाइनींचे निकाल जुळले नाहीत तर आधी इथे बघायचं.

कॉम्प्युटरवरचं काम फुकट आहे, ते आधी उरकून घ्या. डेपमॅपवर (कोणत्या लाइनीला कोणतं जीन लागतं त्याचा डेटाबेस) बघा की तुमचा टीएफ त्या लाइनीला जगायला लागतोच का, लागत असेल तर पूर्ण नॉकआउट (जीनच निकामी करणं) करून क्लोन, म्हणजे एकेका पेशीपासून वाढवलेल्या पेशी, मिळणार नाहीत. सीबायोपोर्टल ह्या साइटवर टीसीजीएचा, म्हणजे रुग्णांच्या ट्युमरच्या जिनोमचा, डेटा बघा. फक्त एक लक्षात ठेवा, टीएफचा एमआरएनए वाढलाय म्हणजे टीएफ काम करतोय असं नाही. एनआरएफ२ मध्ये तर एमआरएनए तेवढाच राहून प्रोटीन कितीतरी पट वाढतं. म्हणून टीएफच्या टार्गेट जीन्सचा गठ्ठा वर गेलाय का ते बघायचं.

पायरी २: पेशी त्याच आहेत ना?

आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर एवढा, त्यामुळे प्रत्येकाला ओरल कॅन्सरवर काम करायचं असतं, आणि मग कोणीतरी केबी नावाची लाइन देतं. केबी ही हेलाच आहे, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची, हे कधीच सिद्ध झालंय, तरी ओरल कॅन्सर म्हणून तिच्यावर पेपर येतच असतात. हेप-२ चं तेच. एमडीए-एमबी-४३५ ब्रेस्टची म्हणून वर्षानुवर्षं वापरली गेली, ती मेलानोमाची निघाली. आयसीएलएसी ह्या आंतरराष्ट्रीय समितीची चुकीच्या लाइनींची यादी फुकट मिळते, त्यात नाव बघा आणि एसटीआर प्रोफाइल (डीएनएवरून पेशींची ओळख) करून घ्या. लाइन शेजारच्या लॅबमधून मागून आणण्यापेक्षा पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या (एनसीसीएस) सेल रिपॉझिटरीतून मागवलेली बरी, कागद तरी असतात.

मायकोप्लाझ्माची (कल्चरमध्ये गुपचूप वाढणाऱ्या बॅक्टेरियाची) टेस्ट दर महिन्याला करा. ह्या विषयात ती दुप्पट महत्त्वाची आहे, कारण मायकोप्लाझ्माच्या लिपोप्रोटीनमुळे एनएफ-कॅपाबी आपोआप चालू होतो आणि एमटीटीचं रीडिंगपण बिघडतं, म्हणजे तुमचा टीएफ आणि तुमची अ‍ॅसे दोन्ही एकदम खोटं बोलायला लागतात.

आणि पावसाळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईत बुटाला बुरशी येते तर इन्क्युबेटरला का नाही येणार. पाण्याचा ट्रे ऑटोक्लेव्ह केलेल्या पाण्याने बदलत राहा, पुठ्ठ्याचे खोके कल्चर रूममध्ये नेऊ नका, एसी रात्री बंद करायची ऑफिसची सूचना आली तरी कल्चर रूमपुरती ती पाळू नका. शक्य असेल तर महत्त्वाच्या पेशींच्या भरपूर वायल मे महिन्यातच फ्रीझ करून ठेवा. रेझिस्टंट लाइन तयार करत असाल तर हे ऐकाच, कारण औषधाचा डोस हळूहळू चढवत ती बनवायला कित्येक महिने जातात आणि मूळच्या पेशीसुद्धा औषधाशिवाय तेवढेच पॅसेज (पेशी नव्या भांड्यात हलवायच्या फेऱ्या) बरोबरीने वाढवाव्या लागतात. ए२७८० (मूळची) आणि ए२७८०सिस (सिस्प्लॅटिनला रेझिस्टंट) अशी ओव्हरीच्या कॅन्सरची तयार जोडी मिळते, एमएस्सीच्या मुदतीत तीच परवडते.

पायरी ३: औषध विरघळवताना

सिस्प्लॅटिन डीएमएसओमध्ये विरघळवू नका. डीएमएसओ प्लॅटिनमला चिकटून त्याचे क्लोराइड हाकलून देतं आणि औषधाची धार जाते. मग आयसी५०, म्हणजे परिणाम निम्म्यावर आणणारी औषधाची पातळी, भलतीच वर येते आणि आपण पेशी रेझिस्टंट आहेत म्हणून खूश होतो. ०.९ टक्के सलाइनमध्ये करा, क्लोराइड असल्यामुळे ते टिकतं, अंधारात ठेवा, शक्यतो ताजं बनवा. हॉस्पिटलची इंजेक्शनची वायल वापरत असाल तर ती फ्रीजमध्ये टाकू नका, खाली साका बसतो. अ‍ॅल्युमिनियमची सुई किंवा भांडं लावू नका. पॅक्लिटॅक्सेल आणि डॉक्सोरुबिसिनला डीएमएसओ चालतं, पण वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) शेवटी ०.१ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका आणि कंट्रोललाही तेवढंच द्या.

एनएसी हे अँटिऑक्सिडंट टाकून "मरण आरओएसमुळे होतंय" असं दाखवायची फॅशन आहे (आरओएस म्हणजे ऑक्सिजनचे घातक रेणू). एनएसीमध्ये थायॉल (गंधकाचा गट) आहे, ते सिस्प्लॅटिनला मीडियातच थेट चिकटतं, पेशीपर्यंत औषध पोचलंच नाही तर पेशी वाचणारच की.

डॉक्सोरुबिसिन स्वतः लाल चमकतं. पीआय ह्या मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या डायच्या चॅनलमध्ये त्याचा उजेड येतो आणि सगळ्या पेशी मेलेल्या दिसतात, त्यामुळे ह्या औषधाबरोबर वेगळ्या रंगाचा व्हायाबिलिटी डाय घ्या. त्याच चमकण्याचा फायदाही आहे. टीएफ पाडल्यावर पेशीत औषध जास्त साठतंय का हे फ्लो सायटोमीटरवर सरळ मोजता येतं, आणि ते जास्त साठत असेल तर गोष्ट पंपाची आहे, अ‍ॅपॉप्टोसिसची (पेशीने स्वतः मरण्याची) नव्हे.

केमोची औषधं तुमच्याही डीएनएला लागतात. पावडर वजन करताना हूड, दोन ग्लोव्ह्ज, आणि उरलेलं औषध सिंकमध्ये न ओतता सायटोटॉक्सिकचं लेबल लावलेल्या पिवळ्या पिशवीत. बायोमेडिकल वेस्टचे २०१६ चे नियम तसे आहेत.

पायरी ४: टीएफ कामावर आहे का ते बघा

टोटल लायसेटवर (फोडलेल्या पेशींच्या सगळ्या अर्कावर) वेस्टर्न, म्हणजे प्रोटीन ओळखायची चाचणी, करून पट्टा दिसला म्हणून पुढे जाऊ नका. न्यूक्लियर आणि सायटोप्लाझ्मिक भाग वेगळे करा, कंट्रोल म्हणून न्यूक्लियरला लॅमिन बी१ किंवा हिस्टोन एच३, सायटोप्लाझ्मला ट्युब्युलिन, आणि दोन्ही कंट्रोल दोन्ही भागांवर लावा, म्हणजे एकाची दुसऱ्यात सरमिसळ झालेली नाही हे दिसेल. औषध दिल्यावर ०, १, ४, ८, २४ तास असा टाइम कोर्स घ्या. एनएफ-कॅपाबी लाटेसारखा आत-बाहेर करतो, एकच वेळ बघितली तर हुकतो. जोडीला ल्युसिफरेज रिपोर्टर (टीएफ कामावर असला की उजेड देतो) आणि दोन-तीन टार्गेट जीन्सचा क्यूपीसीआर (एमआरएनए मोजणं). इथे काहीच हललं नाही तर त्रिकूट बदला, चार महिने वाचतील.

पायरी ५: नॉकडाउन, आणि रविवारचा मेगाब्लॉक

कमीत कमी दोन वेगवेगळे एसआय-आरएनए घ्या, तीन असले तर उत्तम, सोबत स्क्रॅम्बल्ड कंट्रोल (कोणत्याच जीनला न लागणारा एसआय-आरएनए) आणि नुसता रीएजंट (एसआय-आरएनए पेशीत पोचवणारं द्रव्य) टाकलेली वेल. एकच एसआय-आरएनए असेल तर परिणाम त्याच्या ऑफ-टार्गेटचा, म्हणजे भलत्याच जीनला लागल्याचा, नाही हे तुम्ही सांगू शकत नाही. १० ते २५ नॅनोमोलरमध्ये काम होत असेल तर १०० वर जाऊ नका, जास्त टाकलं की ऑफ-टार्गेट वाढतात. आणि रीएजंट स्वतः पेशी थोड्या मारतोच, केमो पडली की तो ताण अजून दिसतो.

नॉकडाउन कायमचं नसतं, वाढत्या पेशींमध्ये तीन-चार दिवसांनी ओसरायला लागतं. म्हणून वेस्टर्न दोनदा: औषध टाकायच्या वेळी आणि रीडिंगच्या वेळी. रीडिंगपर्यंत प्रोटीन परत आलेलं असेल तर शॉर्ट-हेअरपिन आरएनए किंवा क्रिस्परआय ह्या जास्त टिकणाऱ्या पद्धतींकडे वळा. पूर्ण क्रिस्पर नॉकआउट करणार असाल तर एका क्लोनवर कहाणी रचू नका, दोन क्लोन एकमेकांसारखे नसतात.

आता कॅलेंडर. गुरुवारी औषध टाकलं की ७२ तास रविवारी भरतात, आणि रविवारी हार्बर लाइनला लोकलचा मेगाब्लॉक. खारघरला अ‍ॅक्ट्रेक ह्या टाटाच्या संशोधन केंद्रात जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. सोमवारी सकाळी रिव्हर्स ट्रान्सफेक्शन (पेशी पेरतानाच एसआय-आरएनए देणं), मंगळवारी संध्याकाळी औषध, शुक्रवारी संध्याकाळी ७२ तास पूर्ण, असं बसवा. पावसात गाड्या बंद पडल्या आणि ७२ चे ८० तास झाले तर ती प्लेट फेकून द्या, बाकीच्या प्लेटांबरोबर सरासरी काढू नका.

पायरी ६: डोस कर्व्ह

९६ वेलच्या प्लेटच्या कडेच्या वेलमध्ये पेशी नकोत, तिथे पीबीएस (मिठाचं बफर) भरा, कडेचं मीडिया उडतं आणि रीडिंग वाकडं येतं. आतल्या ६० वेल पुरतात. दर वेलला ३,००० ते ५,००० पेशी बऱ्याच लाइनींना चालतात, पण रीडिंगच्या दिवशी कंट्रोल वेल ठासून भरलेली नको. औषधाचे आठ-एक डोस, एकेक पायरी साधारण तीन पटींची, वरून शंभर टक्के मरण आणि खालून शून्य दोन्ही दिसलं पाहिजे. "५, १० आणि २०" असे तीन डोस म्हणजे डोस कर्व्ह नव्हे.

औषध टाकायच्या वेळी एक जादा प्लेट वाचून ठेवा, डे-झिरो प्लेट. फुकटात मिळणारी एवढी कामाची गोष्ट दुसरी नाही. टीएफ पाडल्यावर पेशी हळू वाढत असतील तर ७२ तासांनी त्या कमी दिसणारच, आणि साध्या आयसी५० मध्ये वाढीचा वेग मिसळलेला असतो. डे-झिरो असेल तर वाढीचा हिशोब वेगळा काढता येतो, जीआर मेट्रिक्स नावाची पद्धत २०१६ पासून आहे, गणित ऑनलाइन होतं.

पायरी ७: बेरीज की वाढ

आता मुख्य मुद्दा. समजा नुसता टीएफ पाडून २० टक्के पेशी मेल्या, नुसत्या सिस्प्लॅटिनने ३० टक्के. दोघं एकमेकांशी काही संबंध न ठेवता काम करत असतील तर एकत्र किती मरतील? सरळ ५० नाही, कारण काही पेशी दोघांच्याही तडाख्यात येतात. ब्लिसचं सूत्र: ०.२० + ०.३० वजा (०.२० × ०.३०), म्हणजे ०.५० वजा ०.०६, म्हणजे ४४ टक्के. तुमच्या प्लेटवर ४५ आले तर सेन्सिटायझेशन शून्य, पी व्हॅल्यू कितीही सुंदर असू दे. ७० आले तर बोलण्यासारखं काहीतरी आहे.

ग्राफ काढताना हमखास एक चलाखी होते, बऱ्याचदा नकळत. सगळं स्क्रॅम्बल्डच्या औषध न दिलेल्या वेलने भागलं की नॉकडाउनचा कर्व्ह ८० टक्क्यांपासूनच सुरू होतो, पूर्ण लांबीत खाली दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं वा काय सेन्सिटिव्ह झाल्या. प्रत्येक कर्व्ह आपापल्या औषध न दिलेल्या वेलने भागा. दोन्ही कर्व्ह एकमेकांवर पडले तर ती बेरीज होती. नॉकडाउनचा डावीकडे सरकला, समजा आयसी५० १० मायक्रोमोलरवरून ४ वर आली, तर अडीच पटींचं सेन्सिटायझेशन. थीसिसमध्ये दोन्ही ग्राफ टाका, एक्स्टर्नलना बरं वाटतं.

दोन औषधं असतील, म्हणजे टीएफचा इन्हिबिटर आणि केमो, तर चाऊ-तलालेचं कॉम्बिनेशन इंडेक्स काढा, एकच्या खाली आलं तर सिनर्जी, म्हणजे बेरजेपेक्षा जास्त मार. पण एसआय-आरएनएला ते लावू नका, त्याला डोस कर्व्ह नसतो. स्टॅट्समध्ये टू-वे अनोव्हा करून इंटरॅक्शनची पी व्हॅल्यू द्यायची, आणि एन म्हणजे वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या पॅसेजवर केलेले प्रयोग, एका प्लेटवरच्या तीन वेल नव्हेत.

पायरी ८: पेशी खरंच मेल्या का?

एमटीटी चयापचय मोजते. एनआरएफ२ सारखा टीएफ पेशीतलं एनएडीपीएच बदलतो आणि एमटीटीचा रंग अशाच रेणूंवर अवलंबून असतो, तेव्हा एकही पेशी न मरता रंग कमी येऊ शकतो. पेशी मोजा, अ‍ॅनेक्सिन (मरणाऱ्या पेशींना चिकटणारं प्रोटीन) करा, पार्प ह्या प्रोटीनचा ११६ किलोडाल्टनचा पट्टा तुटून ८९ वर येतो का बघा. एमसीएफ-७ वापरत असाल तर क्लीव्ह्ड कॅस्पेज-३ (पेशी मरताना तुटून चालू होणारं एन्झाइम) शोधत बसू नका, त्या पेशींमध्ये कॅस्पेज-३ नाहीच. गाईडना ब्लॉट फसलाय असं वाटतं, त्यांना नम्रपणे सांगा.

सगळ्यात भरवशाची कॉलनी अ‍ॅसे. मोजक्या पेशी पेरा, औषध द्या, काढा, १० ते १४ दिवस थांबा, क्रिस्टल व्हायोलेटने रंगवा, ५० पेशींच्या वरची ती कॉलनी. एमटीटीत मेलेल्या दिसणाऱ्या पेशी इथे कधीकधी थाटात उठून उभ्या राहतात.

असं का होतं? फॉक्सएम१ सारखा टीएफ पाडला की पेशी विभाजन थांबवतात, आणि पॅक्लिटॅक्सेल तर विभाजन होतानाच मारतं. थांबलेली पेशी वाचते. दवाखान्यात ह्याचा धडा आधीच आहे: ब्रेस्ट कॅन्सरमध्ये टॅमॉक्सिफेन केमोबरोबर सुरू करत नाहीत, केमो संपल्यावर करतात. म्हणून तुमच्या प्रयोगातही क्रम बदलून बघा: टीएफ आधी, दोन्ही एकदम, केमो आधी. तिन्हीचे निकाल सारखे येत नाहीत.

पायरी ९: रेस्क्यू

हे बहुतेक जण टाळतात, वेळ लागतो म्हणून. एसआय-आरएनएला न जुमानणारी टीएफची कॉपी (सायलेंट, म्हणजे प्रोटीन न बदलणाऱ्या, म्युटेशनवाली, किंवा एसआय-आरएनए एमआरएनएच्या शेवटच्या, प्रोटीन न बनवणाऱ्या ३-प्राइम यूटीआरवर असेल तर नुसती ओआरएफ, म्हणजे प्रोटीन बनवणारा भाग) परत घाला. रेझिस्टन्स परत आला पाहिजे. शेजारी टीएफची निकामी कॉपी घाला, स्टॅट३ असेल तर टायरोसिन ७०५ च्या जागी फिनाइलअ‍ॅलनिन, तिने परत यायला नको. एवढं दाखवलं की टीएफच जबाबदार आहे ह्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही.

पायरी १०: इन्हिबिटर, आणि हळद

कॅटलॉगमध्ये "स्टॅट३ इन्हिबिटर" लिहिलंय म्हणून तो फक्त स्टॅट३ ला धरतो असं नाही. स्टॅटिक नावाचा स्टॅट३ इन्हिबिटर सिस्टीनवाल्या कुठल्याही प्रोटीनला चिकटू शकतो, एनएफ-कॅपाबीच्या बे ११-७०८२ ह्या इन्हिबिटरचं तसंच. ब्रुसाटॉल एनआरएफ२ कमी करतो कारण तो पेशीतलं प्रोटीन बनणंच दाबतो आणि एनआरएफ२ चं आयुष्य छोटं असल्यामुळे तो पहिला जातो. थायोस्ट्रेप्टॉन फॉक्सएम१ बरोबर प्रोटिएझोमही अडवतो. उपाय साधा आहे, टीएफ नॉकआउट असलेल्या पेशींवर तोच इन्हिबिटर टाका. तिथेही केमोचा मार वाढला तर इन्हिबिटर दुसरंच काहीतरी करतोय.

करक्युमिन. आपल्याकडे दर दुसरा प्रोजेक्ट ह्याच्यावर, "एनएफ-कॅपाबी इन्हिबिटर" म्हणून. ते स्वतः पिवळं आहे, चमकतं, मीडियात पटकन तुटतं, असंख्य अ‍ॅसेंमध्ये खोटे पॉझिटिव्ह देतं, आणि तोंडाने घेतलं तर रक्तात फारच कमी पोचतं. प्लेटवर जो डोस टाकतो तो माणसाच्या रक्तात येत नाही. परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर नातेवाईक विचारतात की हळदीच्या कॅप्सूल द्यायच्या का. भाजीत जाते तेवढी हळद जाऊ दे, पण कॅप्सूल, काढे, अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या केमो चालू असताना डॉक्टरांना सांगितल्याशिवाय देऊ नका. वर सांगितलेला एनआरएफ२ आठवा, पेशीला केमोपासून वाचवणारी यंत्रणा चालू करणारे पदार्थही ह्याच दुकानात मिळतात.

पायरी ११: नॉर्मल पेशी, आणि प्लेटच्या बाहेर

एनआरएफ२ दाबून ट्युमर सेन्सिटिव्ह झाला तर किडनीचं काय? सिस्प्लॅटिन किडनीला लागतंच आणि किडनी स्वतःला वाचवायला हाच एनआरएफ२ वापरते. म्हणून नॉर्मल पेशींवर, किडनीच्या नळीच्या पेशींवरसुद्धा, तोच डोस कर्व्ह काढा. दोन्हीकडे अडीच पट सरकला तर हाती काही लागलं नाही, त्यापेक्षा केमोचा डोस वाढवणं सोपं. औषधाचा डोसही रुग्णाच्या रक्तात पोचणाऱ्या पातळीच्या आसपास ठेवा, १०० मायक्रोमोलरला काहीही मरतं.

पेशंटचा टिश्यू घ्यायचा तर इन्स्टिट्यूशनल एथिक्स कमिटी, जीन एडिटिंग आणि व्हायरल वेक्टरला आयबीएससी (संस्थेची बायोसेफ्टी कमिटी), उंदरांना आयएईसी (प्राण्यांवरच्या प्रयोगांची एथिक्स कमिटी). उंदरांमध्ये चार गट लागतात: काहीच नाही, नुसता टीएफ पाडलेला, नुसती केमो, दोन्ही. केमोचा डोस असा घ्या की एकट्याने ट्युमर थोडाच कमी होईल, नाहीतर वाढ दाखवायला जागाच उरत नाही. वजन आठवड्यातून दोनदा, शेवटी क्रिएटिनिन आणि किडनीचे सेक्शन. आयएईसीची मीटिंग रोज नसते आणि पहिल्या फॉर्मला शंका काढून परत पाठवतातच, त्यामुळे पायरी ६ चालू असतानाच फॉर्म भरून टाका.